लिहून देता येत नाही, तर बोलूनही देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि डिव्हिजन वनचे संचालक मंडळ,
नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए),
इंडियानापोलिस

स. न. वि. वि.

मी पुण्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. फ्लॅट घ्यायला निघालेलं जोडपं समोर येऊन बसलं की माझं एक वाक्य ठरलेलं असतं: "सँक्शन लेटर हातात पडेपर्यंत बिल्डरला विसार देऊ नका." साहेब तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले एवढ्यावर कोणी लाख-दोन लाखांचा विसार देऊन बसतो, मग सिबिलमध्ये काहीतरी निघतं, कर्ज अडकतं आणि विसार बुडतो. अशी माणसं मी बावीस वर्षं बघते आहे. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात त्यांना हसलेही आहे.

आणि माझ्याच घरात, माझ्या मुलीच्या बाबतीत, अमेरिकन कॉलेजच्या टेनिस शिष्यवृत्तीच्या एका तोंडी शब्दावर मी चौदा महिने लावून बसले. तिकडचे कॉलेजांचे खेळ तुमच्या नियमांनी चालतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे ते बालेवाडीच्या टेनिस कोर्टाबाहेर, कोल्हापूर, सोलापूर, नाशिकच्या क्लबांमध्ये जाळीपलीकडे पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या आईबाबांसाठी. 'ऑफर आली' या दोन शब्दांचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. मलाही नव्हता.

आधी आम्ही तुमच्या दारात का येतो ते सांगते. आमच्याकडे टेनिस खेळणाऱ्या मुलापुढे अठराव्या वर्षी दोन वाटा असतात. प्रो व्हायचं, म्हणजे बापाने फ्लॅट विकायचा. नाहीतर रॅकेट माळ्यावर टाकून इंजिनिअरिंगला जायचं. अमेरिकन कॉलेज ही तिसरी वाट. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात होता आणि २००७, २००८ अशी सलग दोन वर्षं तो तुमचा एकेरीचा विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला होती. तिने पुढे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं तेव्हा आमच्या सोसायटीत, टेनिसचा स्कोअर कसा मोजतात हेही ज्यांना ठाऊक नाही अशा आज्यांनी साखर वाटली होती. शिक्षण आणि खेळ दोन्ही सांभाळणारी ही वाट खरी आहे. ती तुम्हीच बांधली आहे, आणि म्हणूनच तक्रारही तुमच्याकडेच.

आता झालं ते असं.

लेक दहावी झाली त्या वर्षीचा, म्हणजे २०२३ चा १५ जून आमच्या घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेला होता. दहावी संपली की त्या तारखेपासून कोच मुलांशी थेट बोलू शकतात, असा तुमचा नियम. मेल येऊ लागले, फोन होऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, ती अकरावीत असताना, एका रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल ठरला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. मागचा पसारा कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तिचे बाबा स्टुलावर उभे राहून चादर धरून होते. पलीकडे एका सरकारी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. माझं भांडण एका कोचबाईंशी नाही.

बाई भल्या वाटल्या. लेक लांब रॅलीत दमली की बॅकहँडला पाय उशिरा टाकते, हे त्यांनी सांगितलं. ते तोवर फक्त तिच्या इथल्या सरांना माहीत होतं. म्हणजे व्हिडिओ खरोखर बसून बघितलेले. मग म्हणाल्या, आम्ही तुला फुल स्कॉलरशिप ऑफर करतो आहोत, चार वर्षांची. मी टेबलाच्या कडेला वहीत 'फुल' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे आहे ती एवढीच.

आठवड्याभरात लेकीने हो कळवलं. पेढे वाटून झाले. बाईंनी तिला गोड शब्दांत विचारलं होतं, "आता इतरांशी बोलणं थांबवशील ना?" तिने दोन कॉलेजांच्या कोचना आभार मानून नकार पाठवला. त्यातल्या एकाने उलट लिहिलं की तिकडे काही बिनसलं तर कळव. बिनसलं तेव्हा त्यांची जागा भरून वर्ष होत आलं होतं.

बारावीच्या वर्षी १ ऑगस्टपासून कॉलेज लेखी ऑफर देऊ शकतं. १ ऑगस्ट २०२४ गेला. बाई म्हणाल्या, नोव्हेंबरात सह्या करू. ऑक्टोबरमध्ये तुम्ही 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे खेळाडूने सही करून कॉलेजला द्यायचं बांधिलकीचं पत्र, हा प्रकारच बंद केलात. त्याऐवजी थेट आर्थिक मदतीचा करार होणार, असं कळलं. १३ नोव्हेंबर हा सह्यांचा दिवस होता. लेकीच्या ओळखीच्या मुलींनी कॉलेजची टोपी घालून केक कापले, फोटो टाकले. आमच्याकडे मेसेज आला: कोर्टातल्या सेटलमेंटमुळे आकडे ठरायचे आहेत, काळजी करू नकोस, तू आमचीच आहेस. शेवटी निळं हार्ट. जानेवारीत प्रवेशाचं पत्र आलं, पण ते नुसतं प्रवेशाचं. त्यात पैशाचा उल्लेख नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. एप्रिल २०२५ मध्ये सहा ओळींचं ईमेल. रोस्टर, म्हणजे संघाची यादी, भरलं आहे. पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, अनुभवी खेळाडू मिळाल्या आहेत. तुझा प्रवेश कायम आहे, स्वखर्चाने आलीस तर वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, प्रयत्न करता येईल, जागेची खात्री देता येत नाही.

स्वखर्च म्हणजे आमच्या हिशोबाने वर्षाला चाळीस लाखांच्या वर. मी कर्ज विभागात आहे, हप्ता किती बसेल ते मला कॅल्क्युलेटर न घेता कळलं.

लेक रडली नाही. तिन्ही रॅकेटची जुनी ग्रिप उसवून नवी गुंडाळत बसली. एक झाली की दुसरी. मध्येच टेप तिरकी गेली की उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

मी सगळे नियम वाचून काढले तेव्हा लक्षात आलं की त्या बाईंनी एकही नियम मोडलेला नाही. माझी खरी तक्रार ही आहे. माझ्या मुलीशी जे झालं ते तुमच्या व्यवस्थेत बसणारं आहे.

तोंडी ऑफर कोणालाही बांधत नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगता. ठीक. पण ती देण्याची मोकळीक कधीपासून आणि लिहून देण्याची कधीपासून, हे जरा शेजारी ठेवून बघा. आमच्या बाबतीत १५ जून २०२३ ते १ ऑगस्ट २०२४. साडेतेरा महिने. या काळात कोच बोलू शकतो, शब्द घेऊ शकतो, 'इतरांशी बोलू नकोस' म्हणू शकतो, फक्त कागद देऊ शकत नाही. सही होईपर्यंत कोचने त्या खेळाडूबद्दल जाहीर बोलायचं नाही, हाही नियम आहे. मुलांवर दडपण येऊ नये हा त्यामागचा हेतू चांगला असेल, पण परिणाम असा की दिलेल्या शब्दाला जगात साक्षीदार उरत नाही. आमच्याकडे सुपारी फोडायची तर चार पाहुणे बोलावतात. तुमच्याकडे बंद दाराआड फुटते आणि फुटली होती का, यावरच मग वाद.

हे दुखणं तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल कोचने सातवीतल्या तेरा वर्षांच्या मुलाला ऑफर दिली, मुलाने हो म्हटलं, देशभर बातम्या झाल्या. तो कॉलेजात जायच्या आत कोचची नोकरी गेली आणि मुलगा शेवटी वेस्ट व्हर्जिनियाला पोचला. लॅक्रॉस या खेळात आठवी-नववीच्या मुलींना शब्द दिले जायला लागले तेव्हा २०१७ मध्ये तुम्ही अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत संपर्कच बंद केलात. पुढच्या दोन वर्षांत बहुतेक खेळांना तारखा लागल्या. म्हणजे नियम करायचा म्हटलं की तुम्हाला करता येतो. पण तुम्ही फट फक्त पुढे सरकवली, बुजवली नाही.

यावर कोणी म्हणेल की मग ते लेटर ऑफ इंटेंट परत आणा, ते तरी बांधणारं होतं. नको. १९६४ ते २०२४, साठ वर्षं ते चाललं, आणि त्याने बांधलं कोणाला ते बघा. मुलाने सही केली की कॉलेजने फक्त एका वर्षाच्या मदतीची हमी द्यायची. मुलाने मन बदललं तर त्याने एक वर्ष बाहेर बसायचं आणि खेळायचं एक वर्ष कायमचं गमवायचं. कागदावर लिहिलेलं असायचं की तुम्ही संस्थेशी करार करता आहात, कोचशी नाही. म्हणजे ज्याच्या शब्दावर मूल आलं तो दुसऱ्या दिवशी दुप्पट पगारावर निघून गेला तरी मूल तिथेच. २०१५ मध्ये जॉर्जियातल्या रोक्वान स्मिथ या फुटबॉलपटूने टीव्हीवर यूसीएलए या विद्यापीठाचं नाव जाहीर केलं. त्याला घेणारा तिथला प्रशिक्षक एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये चालल्याची बातमी तेवढ्यात फुटली. त्याने ते पत्र पाठवलंच नाही. नंतर जॉर्जिया विद्यापीठात गेला तोही लेटर ऑफ इंटेंटवर सही न करता, फक्त आर्थिक मदतीच्या करारावर. शहाणा मुलगा. पण त्याच्या मागे देशातली मोठमोठी कॉलेजं लागली होती, म्हणून त्याला ते परवडलं. बालेवाडीच्या मुलीने अट घातली तर पलीकडचा फोन ठेवून देईल.

शिष्यवृत्तीचंही तेच. १९७३ पासून ती एकेका वर्षाची केलीत. अनेक वर्षांची द्यायची मुभा परत मिळायला २०१२ साल उजाडलं. २०१५ मध्ये मोठ्या पाच कॉन्फरन्सनी (कॉलेजांच्या गटांनी) ठरवलं की खेळ बरा झाला नाही म्हणून शिष्यवृत्ती काढायची नाही. ही सुधारणा मोठी आहे, आणि ती झाली हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण हे सगळं सही झाल्यानंतरचं. आतल्या मुलांना छप्पर मिळालं. उंबऱ्यावर उभं राहून 'ये' म्हणून बोलावलेल्यांना काहीच नाही.

गंमत अशी की करार हा शब्द तुमच्या कॉलेजांना सोयीचा असतो तेव्हा चांगला आठवतो. १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या अपील कोर्टात वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा खटला झाला. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा अभ्यासात मागे पडला म्हणून त्याने खेळणं थांबवलं. विद्यापीठाने पैसे थांबवले. कोर्ट म्हणालं, हा करार होता आणि त्याने त्याची बाजू पाळली नाही. मूल चुकलं की करार, आणि कोच फिरला की 'तसं काही ठरलं नव्हतं'. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात तो हाच, फक्त जेवणाचं बिल मुलाच्या नावावर.

मग जागेपेक्षा जास्त पानं मांडायची खोड. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने फुटबॉलसाठी ३७ जणांच्या सह्या घेतल्या. एका वर्षी नव्याने घेता येत होते २५. हे सही झालेल्यांचं. त्यावर त्यांच्या कॉन्फरन्सने आधी २८ ची आणि मग २५ ची मर्यादा घातली. तोंडी शब्दांना अशी कुठलीच मर्यादा नाही. २०१६ मध्ये मिशिगनमध्ये दोन वर्षांहून जास्त काळ शब्द देऊन बसलेल्या एका मुलाला सह्यांच्या दिवसाला काही आठवडे उरले असताना ऑफर राहिली नाही असं कळवलं. तो ओक्लाहोमाला गेला. फुटबॉलवाल्याला निदान ओक्लाहोमा होतं.

आणि आता खेळाडूंच्या मोबदल्यावरून तुमच्याविरुद्ध झालेल्या हाउस खटल्याची तडजोड, कोचबाईंच्या मेसेजमधली सेटलमेंट ती हीच. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मंजूर केली. पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत २.८ अब्ज डॉलर, पुढे कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, शिष्यवृत्त्यांच्या आकड्यावरची जुनी बंधनं गेली, त्याऐवजी रोस्टरला मर्यादा आल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट घाम गाळला त्यांना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. पण रोस्टरची मर्यादा येणार म्हणून कॉलेजांनी निकालाच्या आधीच, त्याच हिवाळ्यात आणि वसंतात, मुलं गाळायला सुरुवात केली होती. न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये त्यावर बोट ठेवलं आणि मंजुरी अडवली, तेव्हा दुरुस्ती झाली. गाळलेल्यांची यादी करायची, आणि त्यातल्या कोणाला घेतलं तर ते मर्यादेत मोजायचं नाही. या यादीत 'जागेचं आश्वासन मिळालेले' असा उल्लेख आहे. ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणजे आश्वासन नावाची वस्तू असते, हे कोर्टाच्या कागदावर आलं. पण घ्यायचं की नाही हे पुन्हा कॉलेजच्या मर्जीवर. माझी मुलगी कोणाच्याच यादीत नव्हती. तिच्या बाबतीत कारण रोस्टर होतं की पोर्टल, हेही त्या सहा ओळींत धड सांगितलेलं नाही.

परदेशातून येणाऱ्या मुलांचं आणखी एक आहे, ते थोडक्यात सांगते. तिकडच्या मुलीची ऑफर एप्रिलमध्ये गेली तर ती घराजवळच्या छोट्या कॉलेजात जाऊन खेळू शकते. आमच्या मुलीला नवीन कॉलेज, व्हिसासाठी कॉलेजचा नवीन आय-२० फॉर्म, पैशांची नवीन कागदपत्रं, मग बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची तारीख. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करून कमावण्याची फारशी सोय नाही, त्यामुळे नाव आणि जाहिरातीतून मिळणाऱ्या ज्या पैशांची तुमच्याकडे आता एवढी चर्चा आहे ते आमच्या मुलांसाठी जवळपास बंद दार. त्यांच्या हातात शिष्यवृत्ती एके शिष्यवृत्ती.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं समजू नका. मुलंही शब्द फिरवतात. पाच कॉलेजांना हो म्हणून सहाव्याला जाणारी मुलं आहेत, आणि त्यांचे आईबाप त्याला 'ऑप्शन ओपन ठेवणं' म्हणतात. कोचची नोकरी निकालावर असते. दोन वर्षांत एखाद्याचा खेळ खालावतो, एखाद्याचे मार्क घसरतात. एका कोचने मला सरळ विचारलं की पंधराव्या वर्षीच्या खेळावर मी सतराव्या वर्षीचा पैसा कसा बांधू? रास्त प्रश्न आहे. मग पंधराव्या वर्षी ऑफर देऊ नका. बघतो आहोत म्हणा. आवडलीस म्हणा. आमच्याकडेही मुलगी बघायला येतात, पोहे खातात आणि 'कळवतो' म्हणून जातात. त्याला कोणी साखरपुडा समजत नाही.

असंही म्हणतात की २०२४ पासून मुलं हव्या तितक्या वेळा कॉलेज बदलू शकतात, मग कॉलेजनेच तेवढं बांधून का घ्यावं? बदली करणारी मुलगी एक वर्ष शिकलेली, खेळलेली असते. तिच्या हातात मार्कशीट असते. जिला दारातूनच परत पाठवलं तिच्या हातात काय? आणि त्या बदल्यांचा फायदा कोचनाही होतोच की. बावीस वर्षांची तयार खेळाडू मिळत असेल तर अठरा वर्षांची कच्ची कोण घेईल? जोखीम सगळी अठराच्या पारड्यात.

ऑफर बांधणारी केली तर ऑफर कमी होतील, हाही एक धाक घालतात. होऊ देत. आमच्या बँकेतही सँक्शन लेटरं थोडीच निघतात.

तुम्ही म्हणाल, एनसीएए ही सदस्य कॉलेजांची संघटना, कॉलेजने कोणाला काय सांगावं हे आम्ही कसं ठरवणार? खेळाडूला बेगल (गोल पाव) दिला तर तो नाश्त्याचा खाऊ, पण त्यावर क्रीम चीज लावलं तर ते जेवण, म्हणून चालणार नाही, असा नियम एके काळी तुमच्याच पुस्तकात होता. चीज मोजणाऱ्यांना शब्द मोजता येणार नाहीत, हे मला पटत नाही. आणि लेखी हमीचा नमुना तुमच्याच घरात आहे. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण हव्या असलेल्या मुलांना बारावीच्या १ ऑक्टोबरपासून प्रवेश कार्यालयाच्या सहीचं 'लाइकली लेटर' देतात: मार्क आणि वागणूक सांभाळलीस तर तुझा प्रवेश पक्का. ते पत्र कोच देत नाही, संस्था देते.

मागण्या सांगते.

एक. ज्या तारखेला लिहून देता येत नाही, त्या तारखेला बोलूनही देऊ नका. लेखी ऑफरची तारीख अलीकडे आणा नाहीतर तोंडी ऑफरची पलीकडे न्या, पण दोन्ही एकच करा. त्याआधी कोचने 'ऑफर', 'फुल', 'तुझी जागा' हे शब्द वापरले तर तो नियमभंग धरा.

दोन. ऑफर कागदावर द्या आणि त्यात रक्कम, वर्षं, किती दिवसांत उत्तर हवं आणि अटी लिहा. सही कोचबरोबर विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयाचीही हवी. मुलीने हो म्हटलं की ती ऑफर विद्यापीठावर बंधनकारक. कोच बदलला, पोर्टलमधून कोणी भारी मिळालं, गुडघा दुखावला, ही कारणं चालणार नाहीत. प्रवेशाचे निकष पूर्ण झाले नाहीत, पात्रता तपासणाऱ्या तुमच्या एलिजिबिलिटी सेंटरने नाकारलं किंवा मुलीने खोटी माहिती दिली, तरच सुटका.

तीन. रोस्टरमध्ये जागा उरली नाही तर उरली नाही. संघात घ्या असं मी म्हणत नाही, खेळवायचं कोणाला हे कोचने ठरवावं. पण कबूल केलेलं शिक्षण द्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाच्या प्रसारणातून मोठी कमाई करणाऱ्या कॉलेजांनी, खेळताना झालेल्या दुखापतीमुळे शिष्यवृत्ती गेलेल्या खेळाडूला तेवढीच मदत दुसऱ्या मार्गाने द्यायची. तेच तत्त्व उंबऱ्याबाहेरच्या मुलांना लावा.

चार. मुलांनाही बांधा, पण वयाच्या मानाने. सही केल्यावर दोन आठवडे विचार बदलायची मुभा, त्यानंतर त्या वर्षापुरतं दुसऱ्या कॉलेजची मदत घ्यायची नाही. मुख्य कोच सोडून गेला तर मुलीला मोकळं व्हायचा हक्क, दंड न लावता. हे पालकांना आवडणार नाही, मला माहीत आहे. एकाच वेळी तीन ठिकाणी हो म्हणणाऱ्यांना तर मुळीच नाही.

पाच. प्रत्येक संघाने जागा किती आणि ऑफर किती दिल्या हा आकडा दर वर्षी जाहीर करावा. नावं नकोत, आकडे पुरेत. दहाच्या रोस्टरला तीन जागा रिकाम्या असताना अकरा जणींना शब्द दिलेला आहे हे कळलं असतं, तर मी ते दोन नकार पाठवू दिले नसते.

सहा. तक्रार ऐकायला क्रीडा विभागाबाहेरचा माणूस नेमा आणि सुनावणी ऑनलाइन ठेवा. मी तीन मेल लिहिले. तिन्हींचं उत्तर त्याच विभागातून आलं, आणि एकच आलं.

माझ्या मुलीला तुम्ही आता काही द्यावं म्हणून हे लिहिलेलं नाही. ती पुण्यातच कॉलेजात जाते. सकाळी सहाला कोर्टवर असते. मे महिन्यात एका छोट्या कॉलेजकडून अर्ध्या फीची लेखी ऑफर आली होती. उरलेली अर्धी आम्हाला झेपणारी नव्हती. तिने नको म्हटलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या महिन्यात बालेवाडीला एक गृहस्थ भेटले. मुलगा अकरावीत, नुकताच फोन आलेला, चेहरा फुललेला. "मॅडम, ऑफर दिली म्हणाले, आता बाकीच्यांना नाही कळवू ना?" मी त्यांना चहा घ्यायला नेलं आणि अर्धा तास बसवून ठेवलं. प्रत्येक बापामागे अशी एक बाई उभी करणं मला जमणारं नाही, म्हणून नियम मागते आहे.

आपल्या उत्तराची वाट बघते. उत्तर कृपया लेखी पाठवावं, फोन करू नये.

कळावे,
एका टेनिस खेळणाऱ्या मुलीची आई,
पुणे